लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया आणि आरोग्य विमा : पॉलिसीतील कलमापासून विमा लोकपालापर्यंत

बॅरिआट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या, शस्त्रक्रियेसाठी तुम्ही पात्र आहात, असे शल्यचिकित्सकाने सांगितले आणि त्याच शस्त्रक्रियेचा खर्च देय नाही, असे विमा कंपनीने कळवले, तर रुग्णाला वाटते की दोघांपैकी कोणीतरी एक चुकतो आहे. बहुतेक वेळा दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण ‘पात्र’ या शब्दाचा अर्थ दवाखान्यात एक असतो आणि पॉलिसीत दुसरा. दावा मंजूर होईल की नाही हे पॉलिसीतील एका अपवादकलमावर ठरते. म्हणून तयारीची सुरुवात त्या कलमापासून करावी आणि कागदपत्रांची फाईल त्याच्या शब्दांना उत्तर देईल अशी बांधावी. बहुतेक लोक हे उलट्या क्रमाने करतात. आधी शस्त्रक्रियेची तारीख घेतात आणि नकाराचे पत्र हातात पडल्यावर कलम शोधतात.

कायद्याने नेमके काय दिले आहे

प्रत्येक आरोग्य विम्यातून वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळालाच पाहिजे, असे थेट सांगणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. जे संरक्षण आहे ते आडवाटेने आलेले आहे. पूर्वी अनेक पॉलिसींमध्ये ‘लठ्ठपणावरील उपचार वगळले आहेत’ एवढी एक ओळ असे आणि तेवढ्यावर विषय संपत असे. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, २७ सप्टेंबर २०१९ रोजी अपवादकलमांच्या प्रमाणीकरणाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि नेहमीच्या अपवादांची शब्दरचना व क्रमांक ठरवून दिले. ही तत्त्वे १ ऑक्टोबर २०१९ पासून नव्या पॉलिसी-योजनांना आणि १ ऑक्टोबर २०२० पासून आधीच्या योजनांनाही लागू झाली. लठ्ठपणा आणि वजन नियंत्रणाच्या अपवादाचा क्रमांक ०६ आहे. तुमची पॉलिसी कोणत्याही कंपनीची असली, तरी अपवादांच्या प्रकरणात हा क्रमांक शोधला की ते कलम सापडते.

या कलमाचा आशय असा आहे : लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा जो खर्च पुढील सर्व अटी पूर्ण करत नाही, तो वगळलेला आहे. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेली असावी. तिला वैद्यकीय उपचारपद्धतीच्या मान्य संकेतांचा आधार असावा. विमाधारकाचे वय १८ वर्षे किंवा त्याहून अधिक असावे. आणि बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, ४० किंवा त्याहून अधिक असावा. अथवा तो ३५ किंवा त्याहून अधिक असून, वजन कमी करण्याचे सौम्य उपाय अयशस्वी ठरल्यानंतर, पुढील चार गंभीर सहव्याधींपैकी एखादी असावी : लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, तीव्र स्वरूपाचा स्लीप ॲप्निया (झोपेत वारंवार श्वास थांबण्याचा विकार), किंवा अनियंत्रित टाइप २ मधुमेह.

यात दोन गोष्टी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की कलमाची रचना नकारात्मक आहे. अटी पूर्ण झाल्या की हा एक अपवाद बाजूला होतो, एवढेच ते सांगते. प्रतीक्षा कालावधी (पॉलिसी घेतल्यापासून ठरावीक काळ दावा न मिळण्याची अट), खर्चाची उपमर्यादा, आधीपासूनच्या आजाराची अट अशी इतर कलमे आपापल्या जागी उभीच असतात आणि त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. दुसरी गोष्ट वाक्यरचनेची आहे. ‘सौम्य उपाय अयशस्वी ठरल्यानंतर’ हे शब्द ३५ च्या पर्यायाला जोडलेले आहेत, ४० च्या पर्यायाला नव्हेत. तरीही बीएमआय ४३ असलेल्या रुग्णाकडे आहार-व्यायामाच्या नोंदी मागितल्या जातात. नोंदी असतील तर त्या द्याव्यात, कारण उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक होता हे त्यांतूनही दिसते; पण केवळ त्या नसल्याच्या कारणावरून ४० च्या वरच्या रुग्णाचा दावा नाकारला गेला, तर कलमाची ही रचना तक्रारीत मुद्दा म्हणून मांडावी.

डॉक्टरांचा आकडा आणि पॉलिसीचा आकडा

४० आणि ३५ हे आकडे जुने आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये घेतलेल्या सहमती परिषदेतून ते रूढ झाले. त्यानंतर वैद्यकशास्त्र पुढे गेले. बॅरिआट्रिक शल्यचिकित्सकांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये संयुक्त शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार बीएमआय ३५ च्या वर असल्यास सहव्याधी असो वा नसो, शस्त्रक्रियेची शिफारस करता येते. ३० ते ३४.९ या पट्ट्यात चयापचयाचा आजार असल्यास तिचा विचार करता येतो. आणि आशियाई लोकांच्या शरीरात कमी बीएमआयलाही पोटाभोवतीची चरबी व मधुमेहाचा धोका अधिक असल्यामुळे त्यांच्यासाठी २७.५ पासूनच हा पर्याय समोर ठेवावा, असे सुचवले आहे.

त्यामुळे बीएमआय ३३ आणि मधुमेह असलेल्या रुग्णाला शल्यचिकित्सक शस्त्रक्रिया सुचवतो तेव्हा तो आजच्या शास्त्राला धरून बोलत असतो, आणि विमा कंपनी नकार देते तेव्हा ती २०१९ च्या शब्दांना धरून बोलत असते. आशियाई देहयष्टीचा विचार भारतातल्याच नियमात नसावा, हे माझ्या मते या कलमाचे मोठे वैगुण्य आहे. तरीही नियम बदलत नाही तोवर ३५ च्या खालच्या रुग्णाने विम्याच्या भरवशावर तारीख घेऊ नये. काही योजना स्वतःहून अधिक उदार अटी देतात; तसे असल्यास ते पॉलिसीच्या मूळ मजकुरात लिहिलेले असते, आणि तसे लिहिलेले दाखवता आले तरच ते धरून चालावे.

उंची मोजताना अंबाडा सोडावा

बीएमआय म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. सूत्रात उंचीचा वर्ग असल्यामुळे उंचीतील लहानशी चूक मोठी होऊन बाहेर येते, आणि नेमके इकडेच कोणाचे लक्ष नसते. वजन दर भेटीत काट्यावर घेतले जाते. उंची मात्र ‘किती आहे तुमची?’ असे विचारून लिहिली जाते.

समजा, एका बाईंचे वजन १०१ किलो आहे. त्यांनी सवयीने उंची १६० सेंटिमीटर सांगितली, तर बीएमआय ३९.४५ येतो आणि ४० ची अट हुकते. प्रत्यक्ष मोजल्यावर उंची १५८ सेंटिमीटर भरली, तर तोच आकडा ४०.४६ होतो आणि अट पूर्ण होते. कोणी १६२ लिहून ठेवली असेल, तर तो ३८.४८ पर्यंत उतरतो. बाई त्याच, वजन तेच, निकाल वेगळा. म्हणून भिंतीवरील मोजपट्टीशी अनवाणी उभे राहून, टाचा आणि पाठ भिंतीला लावून, अंबाडा किंवा क्लिप असल्यास ती सोडून उंची मोजून घ्यावी, आणि डॉक्टरांच्या लेटरहेडवर तारीख, उंची, वजन व बीएमआय असे चारही तपशील एकत्र लिहून सही-शिक्का घ्यावा.

हा आकडा ओढूनताणून आणू नये, हेही सांगायला हवे. पॉलिसी घेतानाच्या प्रस्ताव अर्जातील उंची, जुन्या केसपेपरांवरील नोंदी आणि रुग्णालयातील दाखल होतानाची नोंद या तिन्ही कंपनीला पाहता येतात. त्यांत विसंगती दिसली, तर मूळ मुद्दा राहतो बाजूला आणि हेतूवर संशय घेतला जातो. जुनी नोंद अंदाजाने लिहिलेली होती आणि आता प्रत्यक्ष मोजमाप केले आहे, एवढे एक वाक्य डॉक्टरांनी प्रमाणपत्रात लिहिले तर पुढचा बराच पत्रव्यवहार टळतो.

आणखी एक अडचण शस्त्रक्रियेच्या तोंडावर येते. यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून बहुतेक शल्यचिकित्सक आधीचे एक-दोन आठवडे अत्यल्प उष्मांकांचा, बहुधा द्रवरूप आहार देतात. त्यात काही किलो वजन उतरते आणि दाखल होण्याच्या दिवशी बीएमआय ४० च्या खाली गेलेला असू शकतो. हा आहार सुरू करण्यापूर्वीचे वजन आणि ज्या दिवशी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला त्या दिवसाचे वजन कागदावर असेल, आणि घट डॉक्टरांनी सांगितलेल्या पूर्वतयारीमुळे झाली असे नमूद असेल, तर रुग्णाची बाजू भक्कम राहते.

बीएमआय ३५ ते ४० असेल तर

सर्वाधिक दावे या पट्ट्यात अडकतात. कारण रुग्णाला वाटते की आपल्याला आजार तर पुष्कळ आहेत, आणि कलमात मात्र चारच मोजलेले असतात. उच्च रक्तदाब, गुडघेदुखी, फॅटी लिव्हर, पीसीओडी, थायरॉइड या सर्व तक्रारी खऱ्या आणि त्रासदायक आहेत. तरी त्या यादीत नाहीत. फाईलमध्ये त्यांचे दहा कागद आणि स्लीप स्टडीचा एकही नाही, अशी स्थिती असेल तर कागदांचे वजन कितीही असले तरी दावा हलकाच राहतो.

स्लीप ॲप्नियाच्या बाबतीत ‘तीव्र’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रात्रभराच्या स्लीप स्टडीत दर तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा मंदावतो याचा निर्देशांक मिळतो, आणि तो ३० किंवा त्याहून अधिक असल्यास विकार तीव्र मानला जातो. मोठ्याने घोरतो, दिवसा पेंग येते, एवढे वर्णन पुरेसे नाही. ज्यांना ही लक्षणे आहेत आणि ज्यांनी ही तपासणी कधीच केलेली नाही, अशांनी ती आधी करून घ्यावी. भूल देण्याच्या दृष्टीनेही ती आवश्यक असते.

मधुमेहाच्या बाबतीत अडचण उलटी आहे. ‘अनियंत्रित’ म्हणजे किती, हे कलमात आकड्याने सांगितलेले नाही. शेवटचा एकच एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारी तपासणी) अहवाल जोडून भागत नाही, कारण तो नेमका औषध वाढवल्यानंतरचा आणि बरा असू शकतो. त्यापेक्षा मागील वर्ष-दोन वर्षांतील अहवाल तारखांनिशी क्रमाने लावावेत, प्रत्येक वेळी कोणते औषध किती मात्रेत चालू होते ते लिहावे, आणि पुरेसे उपचार चालू असूनही साखर आटोक्यात राहिली नाही असा फिजिशियनचा किंवा एंडोक्रिनॉलॉजिस्टचा अभिप्राय घ्यावा. हृदयविकारासाठी टू-डी इको, अँजिओग्राफी आणि हृदयरोगतज्ज्ञाचे पत्र लागते. हृदयस्नायूंचा विकार लठ्ठपणाशी संबंधित आहे, हे पत्रात स्पष्ट शब्दांत यायला हवे.

‘सौम्य उपाय अयशस्वी’ याचा पुरावा म्हणजे आहारतज्ज्ञाच्या भेटींच्या नोंदी, वेळोवेळी घेतलेले वजन, दिलेली औषधे आणि व्यायामाचा सल्ला. किती महिने प्रयत्न करावा हे प्रमाणित कलमात लिहिलेले नाही. एखाद्या योजनेने तसा कालावधी ठेवला असल्यास तो तिच्या मजकुरात पाहावा. शस्त्रक्रियेच्या आधीच्या आठवड्यात एकाच शाईने लिहून काढलेला सहा महिन्यांचा आहार-तक्ता कोणालाही ओळखू येतो. शस्त्रक्रियेचा विचार मनात आला त्या दिवसापासून दर महिन्याला एक नोंद ठेवली, तर ती खरीही असते आणि उपयोगीही.

प्रतीक्षा कालावधी आणि उपमर्यादा

१ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या विमा उत्पादन नियमांनुसार आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती. ठरावीक आजार व शस्त्रक्रियांसाठीचा कालावधीही ३६ महिन्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. बॅरिआट्रिक शस्त्रक्रिया अनेकदा या दुसऱ्या यादीत टाकलेली असते, आणि एकच बाब दोन्ही याद्यांत बसत असेल तर जो कालावधी अधिक लांब तो लागू होतो. विम्याची रक्कम मध्येच वाढवली असेल, तर वाढीव रकमेपुरता कालावधी पुन्हा नव्याने मोजला जातो. पाच लाखांची पॉलिसी मागच्या वर्षी दहा लाखांची केली म्हणून दहाही लाख आज उपलब्ध आहेत, असे समजू नये.

उपमर्यादा हा दुसरा खड्डा आहे. काही योजना या शस्त्रक्रियेसाठी वेगळी कमाल रक्कम किंवा विमा रकमेचा ठरावीक टक्का ठेवतात. पॉलिसीसोबत मिळणाऱ्या ग्राहक माहितीपत्रकात, म्हणजे सीआयएसमध्ये, प्रतीक्षा कालावधी आणि उपमर्यादा थोडक्यात दिलेल्या असतात. सुरुवात तिथून करावी आणि नंतर मूळ मजकूर पाहावा. शस्त्रक्रिया रोबोटद्वारे होणार असेल तर आणखी एक ओळ शोधावी. २०१९ च्या त्याच तत्त्वांत १२ आधुनिक उपचारपद्धती पॉलिसीतून वगळू नयेत असे म्हटले आहे, आणि रोबोटिक शस्त्रक्रिया त्यांपैकी एक आहे. मात्र त्यांवर उपमर्यादा लावण्याची मुभा कंपन्यांना आहे. लॅपरोस्कोपीने झाली असती तर जी रक्कम पूर्ण मिळाली असती, ती रोबोटमुळे कापली जाऊ शकते. शल्यचिकित्सकाशी बोलताना हा प्रश्न संकोच न करता विचारावा.

पोटात फुगा बसवण्याची एंडोस्कोपिक प्रक्रिया आणि वजन कमी करण्याची इंजेक्शने या वेगळ्या गोष्टी आहेत. इंजेक्शने बाह्यरुग्ण उपचारात येतात आणि साध्या हॉस्पिटलायझेशन पॉलिसीतून त्यांचा खर्च मिळत नाही. फुग्याबाबत योजनेनुसार फरक पडतो, म्हणून लेखी उत्तर घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पॉलिसी अजून घ्यायची असेल तर

प्रस्ताव अर्जात उंची, वजन आणि चालू औषधे खरी लिहावीत. एजंट ‘पाच-सात किलो कमी लिहू, हप्ता वाढणार नाही’ असे सुचवतो तेव्हा तो स्वतःचे कमिशन वाचवत असतो. दाव्याच्या दिवशी त्या पाच-सात किलोंचा हिशेब तुम्हाला द्यावा लागतो. खरे वजन लिहिल्यावर कंपनी हप्ता वाढवेल, प्रतीक्षा कालावधी लावेल किंवा नकारही देईल. त्यात निराशा आहे, पण फसगत नाही. प्रस्तावकाने उघड केलेली वैद्यकीय स्थिती तपासून पॉलिसी दिल्यानंतर त्याच स्थितीचे कारण पुढे करून कंपनीला दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मधील निकालात स्पष्ट केले आहे. हा आधार खरे लिहिणाऱ्यालाच मिळतो.

सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती लपवल्याच्या किंवा चुकीची दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही; सिद्ध झालेली फसवणूक तेवढी अपवाद. या नियमाचा अनेक जण असा अर्थ लावतात की पाच वर्षांनंतर सगळेच मिळते. तसे नाही. अपवादकलमे, उपमर्यादा आणि अटी पाच वर्षांनंतरही कायम असतात. बीएमआय ३४ असलेल्या रुग्णाला सहाव्या वर्षीही कलम ०६ आडवे येते. कंपनी बदलायची असेल तर पोर्टेबिलिटीने, म्हणजे जुनी पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे हलवून, बदलावी, म्हणजे पूर्ण झालेल्या प्रतीक्षा कालावधीचे श्रेय जुन्या विमा रकमेपुरते सोबत येते.

नोकरीच्या ठिकाणच्या समूह विम्यात प्रतीक्षा कालावधी बहुधा माफ असतात, त्यामुळे अनेकांची शस्त्रक्रिया त्यातूनच होते. मात्र प्रतीक्षा कालावधी माफ होणे आणि कलम ०६ माफ होणे या वेगळ्या बाबी आहेत. मनुष्यबळ विभाग जे रंगीत पत्रक वाटतो त्यावर न थांबता पॉलिसीचा पूर्ण मजकूर मागावा, आणि ‘बॅरिआट्रिक शस्त्रक्रिया कोणत्या अटींवर, कमाल किती रकमेपर्यंत’ हा प्रश्न ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे. नोकरी सोडण्याचा विचार असेल तर शस्त्रक्रियेनंतरच्या देय दिवसांचाही हिशेब आधी करावा.

डॉक्टरांचे पत्र

‘रुग्णास बॅरिआट्रिक शस्त्रक्रियेचा सल्ला दिला आहे’ एवढ्या एका ओळीच्या पत्रावर नकार येणे जवळपास ठरलेले असते, कारण कलमातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. उपयोगी पत्राचा मजकूर साधारण असा असतो :

‘रुग्ण, वय ४२, दि. … रोजी प्रत्यक्ष मोजलेली उंची १५८ सेंटिमीटर, वजन ९४ किलो, बीएमआय ३७.७. टाइप २ मधुमेह नऊ वर्षांपासून. तीन औषधे व इन्सुलिन चालू असूनही मागील १८ महिन्यांतील चारही एचबीए१सी अहवाल सोबत जोडल्याप्रमाणे उद्दिष्टापेक्षा जास्त आहेत. आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली वजन कमी करण्याचे प्रयत्न केले, नोंदी सोबत जोडल्या आहेत. परिणाम टिकला नाही. मान्य वैद्यकीय संकेतांनुसार स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी आवश्यक असून ती सौंदर्यवर्धनासाठी नाही.’

(स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी म्हणजे जठराचा मोठा भाग काढून ते लहान करण्याची बॅरिआट्रिक शस्त्रक्रिया.) पत्रातील सौंदर्यवर्धनाचा शेवटचा उल्लेख मुद्दाम आहे. कॉस्मेटिक शस्त्रक्रियेचा अपवाद वेगळा, क्रमांक ०८ चा आहे, आणि दोन्ही विषयांची गल्लत दावा तपासणाऱ्याकडूनही होऊ शकते. लायपोसक्शन मात्र खरोखरच त्या दुसऱ्या अपवादात मोडते.

कॅशलेस मंजुरी आणि बिल

ही शस्त्रक्रिया ठरवून केलेली असते, त्यामुळे घाईचे कारण नाही. रुग्णालय कंपनीच्या नेटवर्कमध्ये असेल तर विमा कक्षामार्फत पूर्वमंजुरीचा अर्ज काही दिवस आधीच पाठवावा. जानेवारी २०२४ पासून नेटवर्कबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेसची सोय सुरू झाली असून नियोजित उपचारासाठी किमान ४८ तास आधी कंपनीला कळवावे लागते. आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या मास्टर परिपत्रकानुसार कॅशलेस अर्जावर एका तासात निर्णय द्यायचा असतो, आणि रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती आल्यानंतर तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची असते. त्याहून उशीर होऊन रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर ती कंपनीने सोसायची असते. हा एक तास कागद पूर्ण असतील तरच उपयोगी पडतो; अर्धवट कागदांवर तासाभरात ‘क्वेरी’ येते आणि मग दिवस जातात.

खोलीच्या भाड्याची मर्यादा ओलांडल्यास इतर खर्चातही त्या प्रमाणात कपात होते. परंतु औषधे व शस्त्रक्रियेत वापरून संपणारे साहित्य, इम्प्लांट व वैद्यकीय उपकरणे आणि तपासण्या यांच्यावर अशी प्रमाणशीर कपात लावता येत नाही, असे आयआरडीएआयने २०२० मध्ये ठरवून दिले आहे. या शस्त्रक्रियेत स्टेपलर आणि त्याचे कार्ट्रिज हा बिलातला मोठा भाग असतो. त्यामुळे बिल ‘पॅकेज’ अशा एका ओळीत न घेता सुटे करून घ्यावे, नाहीतर कशावर कपात झाली आणि कशावर व्हायला नको होती, हे तपासताच येत नाही. केवळ तपासण्यांसाठी एक-दोन दिवस आधी दाखल होणेही टाळावे. निव्वळ तपासणीसाठी दाखल होण्याचा खर्च अपवाद क्रमांक ०४ मध्ये वगळलेला आहे.

डिस्चार्ज समरी घरी जाण्यापूर्वी वाचावी. तिच्यात उंची, वजन, बीएमआय आणि सहव्याधी पत्राप्रमाणेच आल्या आहेत ना, हे पाहावे. घाईत एखाद्या निवासी डॉक्टरने ‘मधुमेह : नियंत्रणात’ असे लिहून टाकले, तर त्या एका शब्दाने आधीचे सगळे कागद खोटे पडल्यासारखे होतात. चूक असेल तर त्याच वेळी दुरुस्त करून घ्यावी. आठवड्याने केलेल्या दुरुस्तीकडे संशयाने पाहिले जाते.

शस्त्रक्रियेनंतर जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम दीर्घकाळ घ्यावे लागतात. डॉक्टरांनी रुग्णालयातील उपचाराचा भाग म्हणून लिहून दिलेली अशी औषधे दाव्यात बसतात आणि प्रिस्क्रिप्शनशिवाय विकत घेतलेली बसत नाहीत. डिस्चार्जनंतरचा खर्च जेवढ्या दिवसांपर्यंत देय असतो तेवढ्या दिवसांची प्रिस्क्रिप्शने आणि पावत्या एकत्र ठेवाव्यात. वजन उतरल्यानंतर लोंबणारी त्वचा काढण्याच्या शस्त्रक्रियेला कॉस्मेटिकचाच अपवाद लागतो. थेट आणि तातडीचा आरोग्यधोका दूर करण्यासाठी ती आवश्यक होती हे दाखवता आले तरच वाट निघते.

नकार आल्यावर

कॅशलेस नाकारले म्हणजे दावा नाकारला असे नाही. स्वतः पैसे भरून शस्त्रक्रिया केली तर नंतर प्रतिपूर्तीचा दावा करता येतो. मात्र नकाराचे कारण कलमातील मूलभूत अट असेल, तर प्रतिपूर्तीतही तेच कारण पुन्हा पुढे येणार, हे धरून निर्णय घ्यावा. २०२४ च्या मास्टर परिपत्रकानुसार दावा पूर्णतः किंवा अंशतः नाकारताना पॉलिसीतील नेमकी अट उद्धृत करणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि कंपनीच्या दावा पुनर्विलोकन समितीच्या मान्यतेशिवाय दावा नाकारता येत नाही. पत्रात नुसते ‘लठ्ठपणा वगळलेला आहे’ असे असेल तर पहिली तक्रार याच दोन मुद्द्यांवर करावी : कलम ०६ मधील कोणती अट पूर्ण होत नाही ते सांगावे, आणि समितीने निर्णय घेतला आहे का ते कळवावे. पुष्कळदा एवढ्यावर फाईल पुन्हा उघडली जाते.

तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी आणि तिची नोंद आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर करावी. १५५२५५ हा टोल-फ्री क्रमांकही त्यासाठी आहे. तक्रार फेटाळली गेली, उत्तर समाधानकारक नसले किंवा एक महिन्यात उत्तरच आले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. आपला जिल्हा कोणत्या कार्यालयाकडे येतो, हे विमा लोकपाल परिषदेच्या संकेतस्थळावर पाहून अर्ज तिथेच ऑनलाइन करता येतो. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालाला आहे. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ३० दिवसांत तिने त्याची अंमलबजावणी केली नाही, तर तक्रारदाराला दर दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतात. तक्रारदाराला निवाडा मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा राहतो.

मात्र तेच प्रकरण आधीच ग्राहक आयोगापुढे किंवा न्यायालयात असेल तर लोकपाल ते ऐकत नाहीत, त्यामुळे क्रम महत्त्वाचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते, तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, आणि आयोगाची पातळी भरलेल्या मोबदल्यावरून, म्हणजे विम्यात हप्त्यावरून, ठरत असल्यामुळे असे बहुतेक दावे जिल्हा आयोगातच येतात. लोकपालापुढे मोजमापाचा आणि कागदांचा वाद लवकर निकाली निघतो. मानसिक त्रासाची भरपाई मागायची असेल किंवा साक्षीपुरावा तपासावा लागणार असेल, तर आयोग अधिक योग्य ठरतो. लोकपालाच्या निर्णयाची वाट पाहताना दोन वर्षांची मुदत संपणार नाही, एवढी तारीख नकाराच्या पत्रावरच पेनाने लिहून ठेवावी.